पुण्याहून ग्योटिंगेनला, बर्लिनहून पुण्याला

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्याला संस्कृत किंवा भारतीय भाषा या विषयांत संशोधनाचे रीतसर शिक्षण घ्यायचे असेल, तर त्याला इंग्लंडपेक्षा जर्मनीची वाट अधिक सरळ होती. बॅरिस्टर होण्यासाठी किंवा सनदी सेवेच्या परीक्षेसाठी लंडनला जाणारे तरुण पुष्कळ होते. परंतु स्वतंत्र प्रबंध लिहून मिळवायची डॉक्टरेट ही पदवी ब्रिटिश विद्यापीठांत त्या वेळी अस्तित्वातच नव्हती. ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये सुरू केली आणि इतर विद्यापीठांनी त्यानंतरच्या काही वर्षांत तिचे अनुकरण केले. जर्मन विद्यापीठांत मात्र एकोणिसाव्या शतकापासूनच प्राध्यापकाच्या हाताखाली मूळ साधनांवर काम करायचे, आठवड्यातून ठरावीक दिवशी सेमिनारला, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या लहानशा चर्चावर्गाला बसून एकेका ओळीचा कीस काढायचा, प्रबंध सादर करायचा आणि शेवटी तोंडी परीक्षेला सामोरे जायचे, अशी पद्धत पक्की झालेली होती. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊन हव्या त्या गुरूजवळ शिकण्याची मोकळीकही विद्यार्थ्यांना होती. ज्या राष्ट्राचे राज्य आपल्यावर नाही अशा राष्ट्रात शिकण्याचे आकर्षण त्या काळच्या सुशिक्षित तरुणांच्या मनात निश्चितच असणार. तथापि मुख्य कारण या अभ्यासपद्धतीतच शोधावे लागते.

या वाटेचा आरंभ उलट्या दिशेने झाला होता. मराठी विद्यार्थी जर्मनीला जाऊ लागण्यापूर्वी चाळीस-पन्नास वर्षे जर्मन पंडित पुण्या-मुंबईला आले होते. मार्टिन हाउग १८५९ मध्ये पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. त्यांच्यानंतर १८६६ मध्ये आलेले फ्रान्झ कीलहॉर्न १८८१ पर्यंत डेक्कन कॉलेजात शिकवत होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेओर्ग ब्यूलर होते. ब्यूलर आणि कीलहॉर्न यांनी सुरू केलेल्या 'बॉम्बे संस्कृत सीरीज' या ग्रंथमालेतून संस्कृत ग्रंथ पाठभेदांसह छापून निघू लागले. पाठभेद म्हणजे एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखितांत एकाच जागी आढळणारे वेगवेगळे शब्द. शिकवण्यासाठी आलेले कीलहॉर्न पुण्यात स्वतःही शिकत होते. पतंजलीच्या 'व्याकरण-महाभाष्या'तील अवघड स्थळे त्यांनी पुण्यातील शास्त्र्यांजवळ बसून समजावून घेतली आणि त्या महाभाष्याची त्यांनी काढलेली आवृत्ती पुढे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. १८८२ मध्ये ते ग्योटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १८८५ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली तीही याच विद्यापीठाने, आणि पुढच्याच वर्षी भांडारकर व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्यांच्या परिषदेला गेले.

ग्योटिंगेनला कीलहॉर्न यांच्या हाताखाली जे विद्यार्थी तयार झाले, त्यांत हाइनरिश ल्यूडर्स हे एक होते. १९०९ मध्ये ल्यूडर्स बर्लिन विद्यापीठात आले आणि काही वर्षांतच त्यांच्या सेमिनारमध्ये विष्णु सीताराम सुखटणकर हा मराठी विद्यार्थी दाखल झाला. पुण्याच्या शास्त्र्यांकडून कीलहॉर्न, कीलहॉर्न यांच्याकडून ल्यूडर्स, ल्यूडर्स यांच्याकडून सुखटणकर आणि सुखटणकरांबरोबर परत पुणे, असे हे विद्येचे वर्तुळ साठ वर्षांत पूर्ण झाले. भारतीयांनी युरोपात जाऊन शास्त्रीय दृष्टी उसनी आणली, असे जे सरधोपटपणे सांगितले जाते, ते या घटनाक्रमापुढे टिकत नाही.

जर्मनीला गेलेल्या मराठी अभ्यासकांच्या या पिढीत पहिले ठळक नाव पांडुरंग दामोदर गुणे यांचे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयाचे हे प्राध्यापक लाइपझिगला गेले. ते विद्यापीठ त्या काळी तौलनिक भाषाशास्त्राचे, म्हणजे एका कुळातील भाषांची ध्वनी आणि रूपे शेजारी ठेवून त्यांचा इतिहास शोधणाऱ्या शास्त्राचे, जगातील प्रमुख केंद्र होते. तेथून डॉक्टरेट घेऊन परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी या शास्त्राचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले आणि ते भारतीय महाविद्यालयांत अनेक वर्षे वापरात राहिले. ६ जुलै १९१७ रोजी, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, त्याच्या उभारणीत गुणे अग्रभागी होते. १९२२ मध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाला. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणासाठी त्यांच्या हातून जे व्हायचे होते ते राहून गेले, ही हानी मोठी आहे.

सुखटणकरांची वाट अधिक वळणाची होती. १८८७ मध्ये जन्मलेले सुखटणकर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकले ते गणित. गणिताची पदवी घेतल्यानंतर ते भारतविद्येकडे वळले आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्याकडे गेले. त्या सुमारास ल्यूडर्स यांच्यासमोर मध्य आशियातून आणलेले ताडपत्रांचे तुकडे होते. कित्येक तुकड्यांवर दोन-चार अक्षरांपलीकडे काही उरलेले नव्हते. लिपीचे वळण, ओळींमधील अंतर आणि तुटलेल्या कडा यांचा मेळ घालून ल्यूडर्स यांनी ते जुळवले आणि त्यांतून अश्वघोषाच्या नाटकाचे अवशेष १९११ मध्ये प्रसिद्ध केले. एका अक्षराच्या पुराव्यासाठी किती वेळ द्यायचा असतो आणि पुरावा संपला की कोठे थांबायचे असते, हे शिकण्यासाठी याहून चांगली शाळा त्या वेळी जगात नव्हती. शाकटायनाच्या व्याकरणावरील सुखटणकरांचा जर्मन भाषेतील प्रबंध याच वातावरणात तयार झाला. परंतु १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, ब्रिटनची प्रजा असलेल्या विद्यार्थ्याला जर्मनी हा शत्रुदेश ठरला, आणि तो प्रबंध लाइपझिगमध्ये छापून निघायला १९२१ साल उजाडले.

युद्धामुळे आणखी एक मोठा संकल्प कोलमडला होता. १८९७ मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मोरिट्स विंटरनित्स यांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करावी, असा प्रस्ताव मांडला होता. चिकित्सक आवृत्ती म्हणजे उपलब्ध हस्तलिखितांची अक्षरशः तुलना करून, त्यांची कुळे ठरवून, पुराव्याने सिद्ध होऊ शकणारा प्राचीनतम पाठ देणारी आणि गाळलेला प्रत्येक शब्द तळटीपेत नोंदवणारी आवृत्ती. तोपर्यंत कलकत्ता आणि मुंबई येथील छापील प्रतींवरच अभ्यासकांची भिस्त होती. मुंबईची प्रत तर सतराव्या शतकातील नीळकंठ चतुर्धर या गोदाकाठच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या टीकाकाराने मान्य केलेल्या पाठावर आधारलेली होती. युरोपातील विद्वत्सभांनी हे काम हाती घेतले आणि १९०८ मध्ये आदिपर्वाच्या आरंभाचा छापील नमुनाही तयार झाला. तो तयार करणारे विद्वान होते ल्यूडर्स. युद्धाबरोबर युरोपातील विद्वत्सभांचे परस्परसहकार्य संपले, आणि हे काम तेथेच थांबले.

ते पुढे चालू झाले पुण्यात. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले आणि १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. पहिली काही वर्षे चाचपडण्यात गेली. नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती काढून विद्वानांची मते मागवली. १९२५ मध्ये सुखटणकर प्रधान संपादक झाले आणि त्यांनी कामाची सारी मांडणी नव्याने केली.

ही मांडणी कागदावर कशी दिसत होती, हे पाहण्यासारखे आहे. उभ्या-आडव्या रेघांनी चौकोन पाडलेल्या कागदावर सर्वांत वर प्रमाण मानलेल्या प्रतीतील श्लोक लिहायचा, एका चौकोनात एकच अक्षर. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताला एक आडवी ओळ. हस्तलिखितातील अक्षर वरच्या अक्षराशी जुळत असेल तर चौकोन कोरा ठेवायचा. वेगळे असेल तरच ते अक्षर त्या चौकोनात भरायचे. उजवीकडे रुंद समास सोडलेला असे, त्यात त्या हस्तलिखितातील जादा श्लोकांची नोंद होई. अशा कागदावरून नुसती नजर फिरवली तरी कोणत्या प्रती एकमेकींच्या जवळच्या आहेत, कोणता प्रदेश कोठे वेगळा पडतो आणि कोठे सर्व भारत एकच शब्द म्हणतो, हे कळू शकत असे. केंब्रिजचे गणित आणि बर्लिनची हस्तलिखितविद्या या दोहोंचा मिलाफ या चौकोनांत उतरला होता, असे म्हणता येईल. संपादकाने स्वीकारलेला, पण पूर्ण खात्रीचा नसलेला शब्द छापताना त्याच्याखाली नागमोडी रेघ काढायची, हा नियमही याच शिस्तीचा भाग होता. व्यासांचा लेखनिक म्हणून गणपतीने काम केल्याची घराघरांत ठाऊक असलेली कथा मूळ संहितेत ठेवण्याइतका पुरावा मिळाला नाही, तेव्हा ती सुखटणकरांनी परिशिष्टात घातली. श्रद्धाळू समाजात राहून असा निर्णय घेणे सोपे नव्हते.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला आणि पर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. काश्मीरकडील शारदा लिपीतील परंपरेला सुखटणकरांनी अधिक वजन दिले होते. पुढे नेपाळातून आदिपर्वाचे एक अतिशय जुने हस्तलिखित हाती आले, आणि त्यातील पाठांनी त्यांच्या अनेक निर्णयांना दुजोरा दिला. संपादकाने तर्काने ठरवलेली गोष्ट नंतर मिळालेल्या पुराव्याने खरी ठरावी, याहून मोठे समाधान या क्षेत्रात नाही.

या कामाची कीर्ती सांगताना एका बाजूकडे दुर्लक्ष होते. हस्तलिखिते वाचणारे, शारदा, मलयाळम, तेलुगू किंवा ग्रंथ लिपी जाणणारे, दिवसेंदिवस ते चौकोन भरणारे शास्त्री आणि लेखनिक कधी युरोपात गेले नव्हते. पुण्याबाहेर शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठतुलना चालत असे. बर्लिनच्या पदवीने कामाला आराखडा दिला. तो भरून निघाला तो या माणसांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर.

महायुद्धानंतरच्या दशकात जर्मनीकडे जाणाऱ्यांचा ओघ पुन्हा सुरू झाला. मार्क या चलनाची घसरण १९२३ मध्ये पराकोटीला पोहोचली, तेव्हा पौंड किंवा रुपये बाळगणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्याचा खर्च अगदी थोडा येई, परंतु त्याच शहरातील जर्मन प्राध्यापकाच्या पगाराला सकाळी असलेली किंमत संध्याकाळी उरत नसे. भीमराव रामजी आंबेडकर यांनी लंडनमधील अभ्यास चालू असतानाच १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. तेथे शिक्षण मात्र पुढे गेले नाही. त्याच बॉनमधून वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी बौद्ध तत्त्वज्ञानावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली. परशुराम लक्ष्मण वैद्य जर्मनीऐवजी पॅरिसला गेले आणि आर्यदेवाच्या 'चतुःशतका'वरील त्यांचा फ्रेंच प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये १९२० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या वतीने समाजशास्त्राच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स व, त्यांच्या आकस्मिक मृत्यूनंतर, ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंध पूर्ण केला.

घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. त्यांचे पती दिनकर धोंडो कर्वे यांनी रसायनशास्त्राची डॉक्टरेट जर्मनीतच घेतली होती, त्यामुळे घरात त्या देशाची आणि भाषेची ओळख होती. तरीही स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले त्यांचे सासरे धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे या प्रवासाला अनुकूल नव्हते, आणि खर्चासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले. सुनेच्या परदेशी शिक्षणाबाबत अण्णासाहेबांसारख्या सुधारकाच्याही मनात अढी असावी, यावरून त्या काळी मराठी स्त्रीने एकटीने युरोपात जाऊन संशोधन करणे किती अवघड होते, हे उमगते.

बर्लिनमध्ये इरावतीबाई ज्या संस्थेत दाखल झाल्या, ती मानववंश, आनुवंशिकता आणि वंशसुधारणा यांच्या अभ्यासासाठी १९२७ मध्ये उघडलेली कैसर विल्हेल्म संस्था होती आणि तिचे प्रमुख ऑयगेन फिशर होते. वंशसुधारणा म्हणजे माणसांच्या संततीवर नियंत्रण ठेवून 'उत्तम' वंश घडवता येईल, असे मानणारी विचारसरणी. तिचे पर्यवसान पुढे कशात झाले, हे जगाने पाहिले, आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इरावतीबाईंना विषय मिळाला तो मानवी कवटीच्या विषमतेचा, म्हणजे तिचा डावा आणि उजवा भाग मापाने कितपत वेगळा असतो, याचा. युरोपीय माणसाच्या मेंदूची एक बाजू अधिक विकसित असल्यामुळे त्याच्या कवटीत ही विषमता जास्त दिसेल, असे गृहीत फिशर यांचे होते. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मापे घेतली. त्यांतील काही युरोपीयांच्या होत्या, तर काही वसाहतींतून आणलेल्या. आकड्यांतून निघाले ते एवढेच की विषमता सर्वत्र आढळते, परंतु तिचा वंशाशी संबंध जोडता येत नाही. त्यांनी तेच लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती आहे त्या गुरूच्या गृहीताविरुद्ध निष्कर्ष मांडण्यासाठी लागणारे धैर्य असामान्य होते. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

या पिढीच्या शिक्षणाचे मोल करताना हा प्रबंध मध्यभागी ठेवावा लागतो. सुखटणकरांची गोष्टही याहून निराळी नाही. महाभारताचे थर सोलून मूळ गाभा काढता येतो, किंवा मुळात कौरवच नायक होते आणि नंतर कथा उलटी केली गेली, असे सांगणारे आडोल्फ होल्ट्समान यांच्यासारखे जर्मन विद्वान त्यांनी बारकाईने वाचले होते. तरीही १९४२ मध्ये मुंबईत महाभारताच्या अर्थाविषयी दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी ही सारी उपपत्ती नाकारली. पाठचिकित्सेची साधने त्यांनी बर्लिनहून घेतली, आणि ती वापरून झाल्यावर जो ग्रंथ हाती आला त्याचा अर्थ मात्र भारतीय परंपरेच्या वाचकाप्रमाणे लावला.

१९३० नंतरच्या दशकात ही वाट काळवंडली. साताऱ्यात जन्मलेले रामचंद्र नारायण दांडेकर हायडेलबर्गला पोहोचले, तेव्हा तेथे भारतविद्या शिकवणारे हाइनरिश झिमर यांच्यावर, पत्नीच्या ज्यू वंशामुळे, राजवटीची नजर होती. १९३८ मध्ये त्यांची प्राध्यापकी काढून घेण्यात आली आणि त्यांना देश सोडावा लागला. त्याच वर्षी वैदिक मानवाच्या कल्पनेवरील दांडेकरांचा जर्मन प्रबंध हायडेलबर्गमधून प्रसिद्ध झाला. ज्या विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला पदवी दिली, त्याच विद्यापीठाने त्या विषयाच्या अध्यापकाला घराबाहेर काढले. १९३९ मध्ये दांडेकर भांडारकर मंदिराचे सचिव झाले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीची दारे पुन्हा बंद झाली.

या साऱ्याचा परिणाम पुण्यापुरता मोजला, तर चित्र अपुरे राहील. उज्जैनचेच उदाहरण पाहा. शिंद्यांच्या राजवटीपासून मराठी घराणी उज्जैनमध्ये स्थिरावली होती; राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला होता. हस्तलिखिते जमवून त्यांची सूची करण्याची जी चळवळ ब्यूलर, कीलहॉर्न आणि भांडारकर यांनी पश्चिम भारतात रुजवली, तिचेच पुढचे पाऊल म्हणून १९३१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने उज्जैनला प्राच्य ग्रंथांचा संग्रह सुरू केला आणि तो आज सिंदिया प्राच्यविद्या प्रतिष्ठान म्हणून ओळखला जातो. हस्तलिखितांखेरीज मातीखालचा पुरावाही येथे होता. शहराच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी भैरवगढ आहे. त्याच्या आणि गढकालिका मंदिराच्या परिसरातील मातीच्या टेकाडांखाली प्राचीन उज्जयिनी दडलेली आहे. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी १९३८-३९ मध्ये येथे उत्खनन केले, आणि १९५० नंतरच्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या खोदकामात नगराभोवतीचा प्रचंड मातीचा तट व त्याबाहेरचा खंदक यांची रचना स्पष्ट झाली. महाभारतात कौरवांच्या बाजूने लढणारे अवंतीचे राजपुत्र विंद आणि अनुविंद ज्या जनपदाचे म्हणून येतात, त्याची ही राजधानी.

ग्रंथांच्या थरांप्रमाणेच मातीच्या थरांचीही शिस्त युरोपातून आली होती. हसमुख सांकलिया यांनी १९३६ मध्ये लंडनहून डॉक्टरेट घेतली, त्या काळात ते मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननावर काम शिकले आणि १९३९ मध्ये नव्या रूपात सुरू झालेल्या डेक्कन कॉलेजात आले. त्याच वर्षी इरावतीबाईही तेथे रुजू झाल्या. नर्मदाकाठच्या महेश्वर-नावडाटोली येथे सांकलियांनी माळव्याच्या ताम्रपाषाणयुगाच्या अभ्यासाचा पाया घातला. नीमच येथे जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानणारे मराठी चित्रकार-संशोधक विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये भीमबेटकाची चित्रे असलेली शैलाश्रये जगापुढे आणली, त्यानंतर फ्रान्समध्ये जाऊन तेथील प्रागैतिहासिक गुहाचित्रांचा अभ्यास केला, उज्जैनजवळच्या कायथा येथे उत्खनन केले आणि पुणे विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली ती भारतीय शैलचित्रांवरच. युरोपाचा प्रवास त्यांच्या बाबतीत शोधानंतर आला, आधी नव्हे.

महाभारताचे काम मात्र एका पिढीत संपणारे नव्हते. सुखटणकर २१ जानेवारी १९४३ रोजी निवर्तले, तोवर आदिपर्व आणि आरण्यकपर्व त्यांच्या हातून पुरे झाले होते. त्यांच्यानंतर अमेरिकेतील हार्वर्ड येथे शिकलेले श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग पॅरिसला शिकलेले वैद्य प्रधान संपादक झाले; दांडेकरांनी सचिव म्हणून संस्थेचा गाडा ओढला. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा १२५९ हस्तलिखिते तपासली गेली होती आणि विंटरनित्स यांच्या प्रस्तावाला एकोणसत्तर वर्षे झाली होती.

पुढच्याच वर्षी इरावतीबाईंचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याविषयी लिहिताना त्यांनी आधार घेतला तो याच आवृत्तीचा, त्यामुळे नंतरच्या काळातील भर कोणती आणि मूळ कथा कोणती, हे त्यांना ठामपणे सांगता आले. सुखटणकरांनी आपल्या शेवटच्या व्याख्यानांत महाभारताकडे लौकिक, नैतिक आणि पारमार्थिक अशा तीन पातळ्यांवरून पाहिले होते आणि तिसऱ्या पातळीवर त्याचा अंतिम अर्थ शोधला होता. इरावतीबाईंनी तीच संहिता हाती धरून देवत्वाचे सारे लेप दूर सारले आणि नातेसंबंध, कुळाचा अभिमान व विनाश यांत सापडलेली माणसे वाचकापुढे उभी केली. दोघेही बर्लिन विद्यापीठाचे विद्यार्थी, दोघांची संहिता एक. आणि मराठी वाचकाला महाभारत कसे वाचावे, या प्रश्नाची त्यांनी दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध असूनही आजवर दोन्ही वाचली जातात.